परत येणारी हवा

एका तपासणी अहवालाला जोडलेले छायाचित्र बरेच दिवस माझ्या डोक्यातून गेले नाही. त्यात भयंकर असे काही नव्हते. चाकूने मधोमध चिरलेला एक पीच, कापलेली बाजू वर करून पांढऱ्या ट्रेमध्ये ठेवलेला, आणि शेजारी मोजपट्टी. सालीवरची तांबूस झाक जशीच्या तशी होती, देठाजवळचा पिवळेपणा ताजा होता, सुरकुती एकही नव्हती. आणि आत, कोयीभोवती, गर तपकिरी पडलेला, कोरडा, पिठूळ. तो समुद्रमार्गे ज्या रीफर कंटेनरमधून, म्हणजे शीतयंत्र बसवलेल्या कंटेनरमधून आला, त्याच्या तापमानाचा आलेख पुढच्याच पानावर होता. उणे अर्ध्या अंशावर धरलेली रेषा पहिल्या दिवसापासून शेवटच्या दिवसापर्यंत पट्टीने आखल्यासारखी सरळ गेली होती. डिफ्रॉस्टच्या, म्हणजे यंत्रावर साचलेले हिम वितळवण्याच्या वेळचे बारीक उंचवटे सोडले तर तिच्यात खोट काढण्याजोगे काही नव्हते. पाठवणाऱ्याचे म्हणणे असे, की फळ उत्तम होते आणि तसे दाखले सोबत आहेत. जहाज कंपनीचे म्हणणे असे, की यंत्र अखंड चालले, ही पाहा रेषा. घेणाऱ्याचे म्हणणे त्या छायाचित्रातच होते. तिघेही खरेच बोलत असावेत असे मला वाटत होते आणि नेमके तेच खटकत होते.

नाशवंत मालाच्या दाव्यांचे कागद वाचणे हे माझे काम आहे. समुद्र माझ्या टेबलावर येतो तो कागदांच्या रूपाने: बिल ऑफ लेडिंग म्हणजे माल जहाजावर चढल्याची पावती, पॅकिंग लिस्ट, माल तपासणाऱ्या सर्व्हेअरचे अहवाल, तापमान टिपत राहणाऱ्या डेटा लॉगरमधून काढलेले आकड्यांचे रकाने. हे रकाने वाचून वाचून माणसाला एक वाईट सवय लागते. आकडा बरोबर दिसला की माल बरोबर असणारच, असे मन परस्पर ठरवून टाकते. त्या पीचने ही सवय चांगलीच हलवली, आणि यंत्राच्या आलेखात एक नव्हे तर दोन रेषा असतात, याकडे मला पुन्हा नीट पाहावे लागले. एक रेषा यंत्राने आत सोडलेल्या हवेची, दुसरी मालातून फिरून यंत्राकडे परत आलेल्या हवेची. अहवालात ठळक छापली होती ती पहिली. दुसरी मूळ फाईलमध्ये होती. ती प्रवासाच्या सुरुवातीला कितीतरी वर होती, आणि मग दिवसामागून दिवस, कंटाळा यावा इतक्या संथपणे, खाली उतरत पहिलीच्या जवळ आली होती. यंत्र थंड हवा देत होते यात शंका नाही. पण पेट्यांच्या गर्दीतून ती हवा परत येई तेव्हा तिने फळांची ऊब बरोबर आणलेली असे.

पीचच्या बाबतीत ही उतरण फार महागात पडते. शून्याच्या आसपास ठेवले तर हे फळ काही आठवडे धीर धरते. त्याच्या जरा खाली गेले की गोठण्याची भीती. ऊब मिळाली तर ते पिकते, मऊ होते, पण निदान पीचसारखे लागते. या दोहोंच्या मधला, साधारण दोन ते आठ अंशांचा पट्टा मात्र त्याला सोसत नाही. तिथे काही दिवस राहिले की पिकण्याची आतली घडी विस्कटते, गरातला रस बांधला जातो, आणि फळ बाहेरून देखणे राहून आतून पिठूळ होते. म्हणजे शून्यावर ठेवलेल्या पीचपेक्षा पाच अंशांवर ठेवलेला पीच लवकर बिघडतो, पण बिघडल्याचे सांगत मात्र नाही. ‘थोडे जास्त, थोडे कमी, एवढ्याने काय होते’ हा आपला रोजचा हिशेब या पट्ट्यात सपशेल चुकतो. त्या कंटेनरच्या मधल्या पेट्यांनी प्रवासाचे सुरुवातीचे दिवस बहुधा तिथेच काढले असावेत. ‘बहुधा’ म्हणण्याचे कारण असे, की मध्ये मोजणारे कोणीच नव्हते. पाठवणाऱ्याने ठेवलेला छोटा लॉगर दाराजवळच्या शेवटच्या पॅलेटवर, म्हणजे लाकडी चौकटीवर रचलेल्या पेट्यांच्या ढिगावर होता. तो तिथेच ठेवण्याचा प्रघात आहे, कारण दार उघडताच तो हाती लागतो.

रीफर कंटेनर गार करत नाही, गार ठेवतो.

हे वाक्य या धंद्यातला प्रत्येक जण दुसऱ्याला ऐकवतो आणि घाईच्या दिवशी स्वतः विसरतो. यंत्रात ताकद नसते असे नाही. कॉम्प्रेसर चांगला दमदार असतो. प्रश्न हवेच्या वाटेचा असतो. थंड हवा जमिनीवरच्या इंग्रजी टी अक्षराच्या आकाराच्या पट्ट्यांमधून पुढे सरकते, खालून वर पेट्यांमधून चढते आणि छताखालून यंत्राकडे परतते. म्हणून भिंतीवर तांबडी रेघ असते. माल तिच्या वर रचायचा नाही. म्हणून पेट्यांना तळाशी आणि माथ्यावर भोके असतात, आणि रचताना ती एकावर एक आली नाहीत तर असून नसल्यासारखी. म्हणून जमीन दारापर्यंत झाकलेली हवी, नाहीतर हवा मालात शिरण्याऐवजी मोकळ्या जागेतून सरळ वर चढते आणि काहीही काम न करता घरी परतते. गोठवलेल्या मालाचे वेगळे. तो उष्णता निर्माण करत नाही, त्यामुळे त्याच्याभोवतीने हवेचे वेष्टन फिरत राहिले तरी भागते. ताजे फळ मात्र जिवंत असते. झाडावरून तोडले तरी ते श्वास घेत राहते, साखर जाळते, कार्बन डायऑक्साइड, पाणी आणि उष्णता बाहेर टाकते. तापमान दहा अंशांनी वाढले की हा श्वास ढोबळमानाने दुप्पट-तिप्पट होतो. उबदार भरलेला माल स्वतःच उष्णता निर्माण करत असतो आणि यंत्र ती उपसत असते. दाटीवाटीने रचलेल्या पेट्यांच्या मधोमध ही उपसणी सर्वांत उशिरा पोहोचते. पॅकहाऊसमधल्या प्री-कूलिंगच्या खोलीत जोरदार पंख्यांनी पेट्यांच्या आरपार हवा ओढली की जे काम काही तासांत होते, त्याला कंटेनरमध्ये कित्येक दिवस लागतात.

माल भरतानाचा प्रसंग मी डॉकवर उभे राहून पाहिला आहे. कंटेनरचे दार शीतगृहाच्या दाराला रबरी कडांनी चिकटलेले असते, तरी फटीतून बाहेरची दमट हवा आत शिरते आणि उंबऱ्यावर पांढरट धुके लोंबत राहते. पुठ्ठ्याचा ओलसर वास, फोर्कलिफ्टचा बारीक सूर, कोटाच्या बाह्यांत ओढून घेतलेले हात. देखरेख करणारा माणूस पॅलेटच्या मधल्या थरातली एक पेटी ओढून काढतो, एक फळ हातात घेतो आणि तापमापकाची सुई गरात कोयीपर्यंत खुपसतो. मग थांबायचे. आकडा सरकत सरकत एका ठिकाणी टिकेपर्यंत कोणी बोलत नाही. मी त्या पेटीतले दुसरे फळ हातात घेतले तर ते बर्फासारखे गार लागले. सुई सहा अंश सांगत होती. हाताला गार लागणे आणि गार असणे यांत केवढे अंतर असते ते मला तेव्हा कळले. त्या माणसाने मान हलवून पॅलेट परत पाठवले. ट्रकचालक घड्याळाकडे पाहत होता, बंदराचे फाटक ठरलेल्या वेळी बंद होणार होते, ते जहाज चुकले तर पुढचे आठवड्याने. तो क्षण मला फार अवघड वाटतो. परत पाठवलेल्या पॅलेटची नोंद कुठल्याच आलेखात राहत नाही. जहाज चुकल्याची मात्र सर्वांना दिसेल अशी राहते. सहा अंशांवर भरून दार लावले असते तरी सेट पॉइंटचा, म्हणजे यंत्राला ठरवून दिलेल्या तापमानाचा दिवा उणे अर्धाच दाखवत राहिला असता.

गारवा निर्माण करणे सोपे आणि तो पोहोचवणे अवघड, हे समुद्रावर केव्हाच कळलेले आहे. यंत्रे येण्याआधी गारवा म्हणजे बर्फच, आणि तोही लाकडाच्या भुशात गुंडाळून नेलेला. बोस्टनच्या फ्रेडरिक ट्यूडरने १८३३ मध्ये कलकत्त्याला पाठवलेल्या सुमारे १८० टनांपैकी १०० टनांच्या आसपास बर्फ चार महिन्यांच्या प्रवासानंतरही शिल्लक होता. यंत्राशिवाय, केवळ भुसा आणि नेटक्या रचाईच्या बळावर. मग यंत्रे आली. १५ फेब्रुवारी १८८२ रोजी ‘डुनेडिन’ हे शिडाचे जहाज न्यूझीलंडच्या पोर्ट चाल्मर्स बंदरातून गोठवलेल्या मांसाचे जवळपास पाच हजार नग घेऊन निघाले. आत कोळशावर चालणारे बेल-कोलमन यंत्र, वर शिडे. हवा दाबायची, गार करायची आणि मग प्रसरण पावू द्यायची, म्हणजे ती आणखी गार होते, एवढीच त्याची युक्ती. धुराड्यातून उडणाऱ्या ठिणग्यांनी शिडे पेटतील की काय ही धास्ती वेगळीच. जहाज उष्ण कटिबंधात रेंगाळले तेव्हा लक्षात आले की यंत्र गारवा भरपूर देत आहे, पण हवा मालात नीट फिरत नाही. कप्तान जॉन व्हिटसन स्वतः रांगत आत शिरले आणि हवेच्या वाटेला जादा भोके पाडू लागले. थंडीने ते तिथेच बधिर झाले. एका सहकाऱ्याने आत घुसून त्यांच्या पायांना दोर बांधला आणि त्यांना ओढून बाहेर काढले. ९८ दिवसांनी जहाज लंडनला पोहोचले तेव्हा पाच हजारांतला एकच नग टाकून द्यावा लागला.

ही हकिगत सांगताना लोक त्या एका नगाचे कौतुक करतात. मला मात्र करवत घेऊन आत शिरलेला तो माणूस अधिक महत्त्वाचा वाटतो. त्याच्याजवळ लॉगर नव्हता, परतीच्या हवेची रेषा नव्हती. यंत्र चालू आहे एवढ्यावर समाधान न मानता गारवा पोचतो आहे का, हे पाहायला तो गेला, आणि आजच्या पेटीतली भोके, तांबडी रेघ, जमिनीतल्या पट्ट्या हे सारे त्याच काळजीचे सुधारलेले रूप आहे. मध्यंतरी सगळे कितीतरी सुटसुटीत झाले. सुरुवातीच्या काळात काही कंटेनर म्हणजे नुसत्या उष्णतारोधक पेट्या असत. त्यांना दोन भोके असत आणि थंड हवा जहाजाच्या यंत्रणेतून त्या भोकांतून येई. आता प्रत्येक कंटेनरच्या कपाळाला त्याचे स्वतःचे यंत्र असते आणि त्याला हवी असते ती फक्त वीज: रस्त्यावर जेनसेटची म्हणजे जनरेटरची, बंदरात आणि जहाजावर प्लगची. यार्डातून जहाजावर चढेपर्यंत प्लग काढलेलाच असतो. तेवढा वेळ जाड भिंतींच्या भरवशावर निघतो.

जहाजावर हे सांभाळणाऱ्यांविषयी फारसे कोणी लिहीत नाही. दिवसातून ठरावीक वेळा कोणीतरी वही घेऊन रांगांमधून फिरतो, शिड्या चढतो, प्रत्येक यंत्राच्या छोट्या पडद्यावरचा आकडा टिपतो. आता पुष्कळ यंत्रे आपली खबर दूरवर आपोआप पाठवतात, तरी बिघडलेला पंखा बदलायला माणूसच लागतो. गंमत अशी की शेकडो रीफर जहाजाच्या पोटात एकत्र चालतात तेव्हा प्रत्येक यंत्र आतली उष्णता बाहेर फेकते, आणि शून्य अंशातल्या फळांच्या रांगांमध्ये उभा असलेला तंत्रज्ञ घामाने निथळतो. हे काम अगदी निर्धोकही नाही. २०११ मध्ये काही रीफरच्या यंत्रांत भेसळीचा गॅस भरला गेला होता; तो आतल्या अॅल्युमिनियमशी संयोग पावून हवा लागताच पेटणारे रसायन तयार झाले आणि दुरुस्ती करणाऱ्यांचे प्राण गेले.

सेट पॉइंट म्हणजे ‘जितके गार तितके चांगले’ असाही एक समज असतो. केळ्याने तो केव्हाच खोटा ठरवला आहे. हिरवी केळी साधारण साडेतेरा अंशांवर निघतात. तेराच्या खाली रेंगाळली की सालीखालच्या वाहिन्या काळवंडतात आणि पुढे कितीही निगुतीने पिकवली तरी रंग राखट, मळकाच येतो. केळ्याच्या कंटेनरमध्ये पीच भरला तर पीच हातचा जातो, पीचच्या कंटेनरमध्ये केळे. सफरचंद इथिलीन हा फळे पिकवणारा वायू सोडते आणि किवी त्या वायूच्या चिमूटभर मात्रेनेही मऊ पडते, म्हणून या दोघांना शेजारी ठेवत नाहीत. १९२० च्या दशकात केंब्रिजमध्ये फ्रँकलिन किड आणि सिरिल वेस्ट यांनी ऑक्सिजन कमी आणि कार्बन डायऑक्साइड जास्त असलेल्या हवेत सफरचंदे ठेवून ती किती टिकतात याचा पद्धतशीर अभ्यास केला. आज कंटेनरमध्येही तशी हवा राखता येते. फळमाशीच्या अळीचा बंदोबस्तही वाटेतच होतो. काही देश फळाच्या गरात सुया खुपसून सलग दोन-अडीच आठवडे दोन अंशांच्या आसपास किंवा त्याखाली तापमान राखल्याचा पुरावा मागतात, आणि मध्येच आकडा वर गेला तर ती सारी तपश्चर्या वाया जाऊ शकते. तिथे निदान गरातला आकडा विचारला जातो. अळीच्या मरणासाठी फळाच्या पोटात सुई घालायची आणि फळाच्या जिवासाठी दाराजवळच्या हवेवर भागवायचे, हा भेदभाव मला नेहमी चमत्कारिक वाटत आला आहे.

आणि वेळ? गारव्याने तो ताणता येतो, थांबवता येत नाही. मार्च २०२१ मध्ये ‘एव्हर गिव्हन’ हे कंटेनर जहाज सुएझ कालव्यात आडवे झाले आणि २९ तारखेला मोकळे होईपर्यंत मागे शेकडो जहाजे खोळंबली. २०२३ च्या अखेरीपासून तांबड्या समुद्रातल्या हल्ल्यांमुळे अनेक जहाजे आफ्रिकेला वळसा घालू लागली आणि आशिया-युरोप प्रवासात साधारण दीड-दोन आठवड्यांची भर पडली. गोठवलेल्या मासळीला एवढ्याने फरक पडत नाही; ताज्या फळाचे सारे आयुष्यच तेवढे असते. जानेवारी २०२५ मध्ये चिलीहून चीनकडे चेरीचे तेराशेहून अधिक कंटेनर घेऊन निघालेल्या एका जहाजाचे इंजिन प्रशांत महासागरात बंद पडले. चेरी पोहोचायची होती २९ जानेवारीच्या चिनी नववर्षाआधी. पोहोचली ती सण उलटून गेल्यावर, फेब्रुवारीत, आणि बराचसा माल विकण्याजोगा उरला नाही. त्या कंटेनरमधल्या यंत्रांच्या रेषा बहुतेक शेवटपर्यंत सरळ असतील असे मला वाटते. बंद इंजिनाचे जहाज समुद्रात अडकून पडलेले असताना आत तेराशे कंटेनरमध्ये कोणी तक्रार न करता गारवा राखला जात होता, याचे कौतुक करावे की त्या निरर्थकतेची खंत करावी, हे मला अजून ठरवता आलेले नाही. एका गोलार्धात बर्फ पडत असताना दुसऱ्या गोलार्धातला उन्हाळा ताटात हवा, हा हट्ट मुळातच अवाजवी आहे असे एक मन म्हणते. आणि भर हिवाळ्यात रसाळ पीच हाती आला की तेच मन गप्प बसते.

पीचच्या त्या दाव्यात मी दुसरी रेषा छापून जोडली. पाठवणाऱ्याने भरतानाचे तापमान दाखवणारा कागद दिला. त्यात सर्व पॅलेटपुढे एकच आकडा, एकाच शाईत, एकाच हाताने लिहिलेला होता. खरा असेलही. नुकसान अखेर वाटून घेतले गेले, जसे अशा प्रकरणांत बहुधा होते, आणि कोणाचे चुकले हे कुठेच लिहिले गेले नाही. माझ्या मते निम्म्याहून अधिक वाद भरतानाच्या वेळीच मिटतील, जर लॉगर दाराजवळ एक आणि मधल्या पॅलेटच्या मधल्या पेटीत एक असे दोन ठेवले तर. त्यासाठी लागणारा खर्च किरकोळ आहे. अडचण दुसरीच आहे: मधला लॉगर खरे सांगेल, आणि ते ऐकण्याची तयारी भरणाऱ्यापासून उतरवून घेणाऱ्यापर्यंत सर्वांची असावी लागेल.

अलीकडे गोठवलेल्या मालाविषयी एक चर्चा सुरू आहे, ती मी याच कारणासाठी लक्ष देऊन वाचते. उणे १८ हा जगभर पाळला जाणारा आकडा प्रत्यक्षात शून्य फॅरनहाइट आहे, सेल्सिअसमध्ये उणे १७.८, निसर्गाने तिथे काही खूण केलेली नाही, एक गोल आकडा सोयीचा वाटला एवढेच. डिसेंबर २०२३ मध्ये दुबईतल्या हवामान परिषदेच्या वेळी काही कंपन्यांनी एकत्र येऊन तो उणे १५ करावा असा आग्रह धरला, कारण त्या तीन अंशांसाठी जगभर जळणारी वीज थोडीथोडकी नाही. विचार मला पटतो. फक्त ते तीन अंश आजवर रिकामे बसलेले नव्हते. प्लग लावायला झालेला उशीर, डॉकवर उघडे राहिलेले दार, उन्हात थांबलेला ट्रक, एकाच शाईत भरलेला तक्ता, हे सगळे त्यांच्या खात्यावर खपून जात होते. आकडा वर न्यायचा असेल तर आधी ते खाते तपासावे लागेल, आणि माझ्या अनुभवाने यंत्र बदलण्यापेक्षा त्याला कितीतरी जास्त वेळ लागतो.